आपल्या छपरावर किती वीज पिकेल?

छपरावर सौर पॅनेल बसवा आणि वीजबिल विसरा, अशी जाहिरात आता शहरापासून खेड्यातील वस्तीपर्यंत पोहोचली आहे. ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ २०२४ साली सुरू झाल्यापासून बीड जिल्ह्यातील कष्टकरी कुटुंबेही पॅनेलचा विचार करू लागली आहेत. योजना उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु ‘मोफत’ हा शब्द ऐकून कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्या गावात, आपल्या छपरावर, महिन्याला किती युनिट वीज तयार होणार? या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्यावर सोडून चालणार नाही. वंदनेत आपण धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या, स्वतः पाहा आणि पारखून घ्या! संसाराच्या व्यवहारातही हीच दृष्टी हवी.

विजेचा विषय आपल्या समाजाला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेच्या धोरणाचे कामही त्यांच्याकडे होते. १९४३ साली त्यांनी देशाला स्वस्त व मुबलक वीज मिळावी, असा आग्रह धरला. उद्योगधंद्यांवाचून दारिद्र्य हटणार नाही आणि विजेवाचून उद्योगधंदे वाढणार नाहीत, हा त्यांचा विचार होता. ज्यांनी विजेचा विचार इतक्या खोलवर केला, त्यांच्या लेकरांनी आपल्या घरच्या विजेचा हिशेब तरी स्वतः मांडावा.

हिशेब सोपा आहे

पॅनेलची ताकद किलोवॉटमध्ये मोजतात. १ किलोवॉटसाठी छपरावर सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. १ किलोवॉटच्या पॅनेलने पूर्ण ताकदीने एक तास काम केले की १ युनिट वीज होते. मात्र सकाळ-संध्याकाळचे ऊन कोवळे असते. म्हणून दिवसभराचे सारे ऊन एकत्र धरून ते भर उन्हाच्या किती तासांइतके भरते, हे काढतात. बीड जिल्ह्यात वर्षाची सरासरी साधारण साडेपाच तास येते. उष्णता, धूळ, तारा आणि इन्व्हर्टर यांत सुमारे पाव भाग वाया जातो. म्हणजे ५.५ गुणिले ०.७५, अर्थात रोजचे साधारण ४ युनिट. महिन्याला १२० आणि वर्षाला सुमारे १,५०० युनिट धरावेत.

ही झाली सरासरी. मार्चमध्ये हाच आकडा रोज पाचच्या आसपास जातो, तर जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तीन-साडेतीनवर येतो. कोणी केवळ उन्हाळ्याचा आकडा सांगून सौदा करीत असेल तर सावध व्हावे!

गाव बदलले की आकडा बदलतो

सह्याद्री ढग अडवतो, म्हणून बीडच्या वाट्याला पाऊस कमी आणि स्वच्छ ऊन जास्त येते. कोकणात पावसाळ्यात पॅनेलची वीज आपल्यापेक्षा बरीच घटते. आसाम-मेघालयात तेच १ किलोवॉट वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० युनिट देते, राजस्थानात १,६०० च्या पुढे जाते. जर्मनीत जेमतेम १,००० युनिट मिळतात, तरीही तेथे लाखो घरांवर पॅनेल आहेत.

ऊन तापले की वीज वाढते, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते, तेव्हा सुमारे १४ टक्के वीज गेलीच म्हणून समजा. थंड आणि निरभ्र लडाखात पॅनेल उत्तम चालते, ते याचमुळे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याच परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातील संच २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पॅनेलला मात्र धूळ पुसण्यापुरतेच पाणी लागते.

आपली गरज किती?

दोन पंखे दहा तास, चार एलईडी दिवे, टीव्ही आणि लहान फ्रिज असलेल्या घराला दिवसाला सुमारे ३ युनिट लागतात. अशा घराला १ किलोवॉट पुरेसे आहे. केंद्राचे अनुदान १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट व त्यापुढे ७८ हजार रुपये आहे. अनुदान मोठे मिळते म्हणून मोठी यंत्रणा घेऊ नये. वरची रक्कम आपल्यालाच भरायची असते आणि अनुदान पॅनेल बसवल्यानंतर खात्यात येते. दारिद्र्यरेषेखालील व महिन्याला १०० युनिटपर्यंत वापर असलेल्या ग्राहकांसाठी राज्य शासनाने २०२५ साली जादा अनुदान जाहीर केले आहे. त्याची चौकशी महावितरणच्या कार्यालयात जरूर करावी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

हा भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ते उघडते. या पाच महिन्यांत १ किलोवॉटची सुमारे ६०० युनिट वीज महावितरणकडे जमा होते. नेट मीटरच्या हिशेबात ती पुढच्या बिलांतून वजा होते, पण वर्षाचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, मात्र आपण घेतो त्या विजेपेक्षा कमी दराने. म्हणजे कुटुंब परत येते तेव्हा साठवलेले युनिट संपलेले असतात! अशा घरांनी बारा महिन्यांचा वापर धरू नये, घरात राहण्याचे महिने मोजूनच यंत्रणेचा आकार ठरवावा. घर बंद करताना कोणता स्विच चालू ठेवायचा, हेही बसवणाऱ्याकडून समजून घ्यावे.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार सुमारे १९ अंश असावा. लिंबाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी साऱ्या ओळीची वीज घटू शकते. धूळ पंधरा दिवसांनी, ऊन चढण्यापूर्वी पुसावी. आणि बॅटरी नसलेली यंत्रणा भारनियमनात बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी तशी व्यवस्था केलेली असते.

घरातील शिकणाऱ्या मुला-मुलींना हा हिशेब मांडायला सांगा. जागतिक बँकेच्या ‘ग्लोबल सोलर अ‍ॅटलस’ या नकाशावर मोबाईलवरून आपले गाव शोधता येते आणि तेथील उन्हाचा अंदाज फुकट मिळतो. ज्यांनी पॅनेल बसवले आहेत, त्यांनी दरमहा मीटरचा आकडा वहीत लिहावा आणि रविवारी विहारात वंदनेनंतर इतरांना दाखवावा. एका घराची वही दहा घरांना फसवणुकीपासून वाचवील.