कानाने घेतलेला शोध

अंगणातील गवतात घराची किल्ली पडली, तर आपण वाकून वाकून ती शोधतो. डोळे थकतात, पण किल्ली काही दिसत नाही. अशा वेळी कान डोळ्यांच्या मदतीला येऊ शकतात. त्यासाठी लागणारे साधन घरच्या घरी तयार करता येते.

मध्यमलहरी पकडणारा लहानसा रेडिओ, बॅटरीवर चालणारा कॅलक्युलेटर, जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी एवढेच साहित्य घ्यावे. मध्यमलहरींच्या शेवटच्या टोकाकडे, जेथे कोणतेही केंद्र लागत नाही, तेथे रेडिओचा काटा आणावा. मग चालू कॅलक्युलेटर रेडिओच्या पाठीशी न्यावा. गुणगुण ऐकू येईल. कॅलक्युलेटरमधून अतिशय क्षीण रेडिओलहरी बाहेर पडत असतात. त्याच रेडिओ टिपतो. गुणगुण उमटली नाही, तर दुसरा कॅलक्युलेटर घेऊन पाहावा.

आता पुठ्ठा वहीप्रमाणे दुमडून एका पानावर रेडिओ व दुसऱ्या पानावर कॅलक्युलेटर चिकटवावा. पाने हळूहळू उघडावीत. गुणगुण जवळजवळ विरून जाईल, त्याच कोनात पुठ्ठा पक्का करावा. धातूची वस्तू अगदी जवळ आली की लहरींत बदल होतो आणि गुणगुण पुन्हा वाढते. प्रथम एखाद्या चमच्यावर याची परीक्षा घ्यावी. दूरची वस्तू या साधनाला कळत नाही; म्हणून ते जमिनीलगत फिरवावे.

मात्र 'येथे धातू आहे' एवढेच हे साधन सांगते. तो धातू कशाचा, हे सांगत नाही. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनाही ही अडचण आली होती. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात कोठे रुतली आहे, हे कळेना. तेव्हा रेडिओ नव्हता. बेल यांनी तारेची वेटोळी व टेलिफोन जोडून धातू शोधणारे यंत्र घाईने तयार केले. पण त्याचा आवाज नेमकी जागा दाखवीना. रुग्णाच्या गादीखाली पोलादी तारा होत्या, असे मागाहून समजले. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे, अशी डॉक्टरांची खात्री होती. म्हणून शोधही तिकडेच झाला. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड यांचे निधन झाले. शवतपासणीत गोळी डाव्या बाजूस आढळली.

म्हणून किल्ली शोधण्यापूर्वी हातातील कडे काढून ठेवावे, जवळची बादली दूर न्यावी. 'ती येथेच पडली असणार' असा हट्ट न धरता सारे अंगण पट्ट्यापट्ट्याने तपासावे. साधन आपले काम करीलच. त्याचे बोलणे समजून घेणे हे मात्र आपले काम आहे.