हत्यारांच्या डब्यांना लावा नावाची पट्टी

रात्रीचे साडेदहा वाजलेत. सिंकखालचा नळ दुपारपासून टपटपत होता, आता धार लागलीय. घरात टेफ्लॉन टेप आहे हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे, गेल्या दिवाळीच्या आधीच आणली होती. पण ती कुठल्या डब्यात? श्रीखंडाच्या डब्यात खिळे निघतात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या किल्ल्या, आइस्क्रीमच्या डब्यात वायरचे तुकडे. टेप काही मिळत नाही. शेवटी नळाला फडकं गुंडाळून खाली बादली लावता आणि सकाळी प्लंबरला फोन करता.

आमच्याकडे हे असंच चालायचं, कारण सगळ्या डब्यांचा नकाशा एकट्या सासऱ्यांच्या डोक्यात होता. दोन वर्षांपूर्वी ते रुग्णालयात होते आणि इकडे बाथरूमचा कॉक तुटला. मी फोन केला. ते पलंगावरून म्हणाले, ‘‘अगं, निळ्या झाकणाचा डबा बघ, त्यात आहे नवा कॉक.’’ निळ्या झाकणाचे डबे निघाले तीन. त्यातल्या दोघांची झाकणं एकमेकांना बसत होती, म्हणजे कधीतरी अदलाबदल झालेलीच. त्यांना बोलताना धाप लागत होती आणि मी विचारत होते, ‘‘बाबा, चौकोनी की गोल?’’ त्या रात्रीनंतर ठरवलं, ही माहिती डोक्यातून डब्यावर उतरवायची.

ते घरी परतल्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी हेच काम चाललं होतं. आजोबा खुर्चीत बसून नावं सांगायचे, नातू मोबाइलवर टाइप करायचा आणि मी डबे पुसायचे. तुम्हालाही हे करायचं असेल, तर खंडेनवमीचा दिवस साधा. पूजेसाठी हातोडी, पक्कड, करवत सगळं बाहेर निघतंच. ते परत ठेवताना वाटणी करून टाका.

आधी वाटणी, छपाई नंतर

लेबलं छापायची घाई मात्र करू नका. सुरुवातीला मास्किंग टेपवर मार्करने नाव लिहून महिनाभर वापरून बघा. नळाच्या डब्यात ठेवलेला पाना सारखा सायकलसाठीच लागतो, हे वापरल्याशिवाय कळत नाही. आम्ही ‘किरकोळ’ असा एक डबा केला होता. पंधरा दिवसांत अर्धं घर त्यात जमा झालं. असा डबा ठेवूच नका.

महिन्याभरात डबे आपापल्या जागी स्थिरावले की छापा. हाताने लिहिलेलंही चालतं, पण तेलकट हातांनी मार्कर पुसट होतो आणि प्रत्येकाचं अक्षर काही वाचण्याजोगं नसतं. छापलेलं मोठं अक्षर आजोबांना चष्म्याशिवाय दिसतं आणि दुसरीतल्या मुलालाही वाचता येतं.

लेबलवर काय लिहाल?

तुमच्या घरात जो शब्द बोलला जातो तोच लिहा. आमच्याकडे सासरे ‘डिसमिस’ म्हणतात, नवरा ‘स्क्रू ड्रायव्हर’, आणि इंदूरची जाऊ ‘पेचकस’. यावर एक संध्याकाळ वाद झाला. शेवटी लेबलवर ‘डिसमिस / स्क्रू ड्रायव्हर’ असं दोन्ही छापलं आणि शेजारी चित्र टाकलं. तुम्ही बेंगळुरू किंवा दिल्लीत राहत असाल आणि घरी येणारा कारागीर मराठी वाचणारा नसेल, तर चित्र फारच उपयोगी पडतं. नेटवरचं चित्र शोधत बसू नका. डब्यातलीच वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवून मोबाइलने फोटो काढा.

नावाखाली माप हवंच. नुसतं ‘स्क्रू’ लिहून भागत नाही, ‘स्क्रू, दीड इंच’ हवं. भिंतीत बसवायच्या गिट्ट्यांच्या डब्यावर तर जोडीच लिहा, ‘६ मिमी गिट्टी, ६ मिमी बिट’. गिट्टीचं माप आणि ड्रिलच्या बिटाचं माप एकच असतं, पण ऐनवेळी ते आठवत नाही आणि ८ मिमीचं भोक पडलं की गिट्टी आत गरागरा फिरते. एम-सील, फेव्हिक्विक, सिलिकॉन यांच्या डब्यावर ‘कधी उघडलं’ यासाठी रिकामी जागा सोडा. तिथे पेनने तारीख घाला.

वरच्या कडेला रंगाची पट्टी दिली की लांबूनच कळतं. आम्ही विजेच्या सामानाला पिवळा, नळाच्या सामानाला निळा आणि भिंत-लाकडाच्या सामानाला तपकिरी रंग दिला. लाल रंग मुद्दाम राखून ठेवला.

लाल पट्टी कशासाठी?

डबे काढताना माळ्यावर पाण्याची एक लिटरची प्लास्टिकची बाटली सापडली. आत स्वच्छ, पाण्यासारखं काहीतरी. झाकण उघडलं तर टर्पेंटाइन! रंगकाम झाल्यावर उरलेलं कुणीतरी भरून ठेवलेलं. त्याच माळ्याखाली नातवाचा क्रिकेटचा किट असतो. उन्हातून खेळून आलेला मुलगा बाटली हुंगून बघत नाही.

तुमच्या घरातही बघा. थिनर, रॉकेल, फरशीचं अॅसिड, बॅटरीचं पाणी हे खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीच ओतू नका, लेबल लावूनसुद्धा नाही. ज्या बाटलीत आलं त्याच बाटलीत राहू द्या आणि ती बाटली लाल पट्टीच्या, कुलूप लागणाऱ्या डब्यात ठेवा. डब्यावर ‘विषारी, मुलांनी हात लावू नये’ हे चांगलं मोठं छापा. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका. थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल उलटीवाटे फुप्फुसात जाण्याचा धोका असतो आणि अॅसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतं. मूळ बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा, मदतीसाठी ११२ लावा.

छपाई कशी करायची?

त्यासाठी वेगळं मशीन घ्यायची गरज नाही. स्टेशनरीच्या दुकानात ए-४ आकाराचे स्टिकर पेपर मिळतात. २४ लेबलांचा कागद घेतलात तर प्रत्येक लेबल साधारण ६४ मिमी रुंद आणि ३४ मिमी उंच असतं, बहुतेक डब्यांना ते पुरतं. मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये तीन रकाने आणि आठ ओळींचं टेबल करा आणि त्यात नावं भरा. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे मुंबईच्या एक टाइपने केलेले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि जाड अक्षरात छान उठून दिसतात. नाव २४ पॉइंटचं ठेवा, माप १४ चं. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत जरा जास्त जागा सोडा, नाहीतर ‘स्क्रू’चा उकार खालच्या मापात घुसतो.

झेरॉक्सच्या दुकानात फाइल पाठवताना ती पीडीएफ करूनच पाठवा. वर्डची फाइल दिली आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर अक्षरांचा आकार बदलतो, ओळी सरकतात आणि सगळी लेबलं चौकटीबाहेर जातात. दुकानदाराला सांगा, ‘‘अॅक्च्युअल साइज, शंभर टक्के ठेवा, फिट टू पेज नको.’’ आणि पहिली प्रत साध्या कागदावर काढा. ती स्टिकर पेपरवर ठेवून उजेडासमोर धरली की चौकटी जुळतात की नाही ते कळतं. आमचा पहिला स्टिकर पेपर याच घाईत वाया गेला.

शक्यतो लेझर प्रिंट घ्या. लेझरची पूड उष्णतेने कागदावर चिकटते, त्यामुळे ओला हात लागला तरी पसरत नाही. घरच्या इंकजेटची शाई पावसाळ्यात दमट हवेनेसुद्धा फुटू शकते. मात्र लेझरसाठी लेझरचाच स्टिकर पेपर हवा, भलत्या कागदाचा गोंद आत वितळून प्रिंटर बिघडू शकतो. त्याच कारणाने अर्धी लेबलं काढून घेतलेला कागद पुन्हा मशीनमध्ये घालू नका.

मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे छोटे लेबल प्रिंटर हल्ली बरेच जण घेतात. त्यातल्या बहुतेकांना शाई लागत नाही, कागदावरचा थरच उष्णतेने काळा होतो. म्हणूनच ऊन किंवा गरम भिंतीजवळ ती अक्षरं काही महिन्यांत फिकी पडतात. शिवाय अनेक मशीन एका मिलिमीटरला आठच ठिपके छापतात, त्यामुळे बारीक अक्षरातल्या जोडाक्षरांचा गोळा होतो. कपाटातल्या डब्यांना ठीक, बाल्कनीतल्या डब्यांना नाही. क्यूआर कोडची हौसही काहींना असते. हाताला ग्रीस लागलेलं असताना मोबाइल कोण काढणार?

चिकटवण्यातच खरी गोम

छापलेलं लेबल दोन महिन्यांत कोपऱ्यातून उचकटतं, याचं कारण बहुतेक वेळा डबा असतो. श्रीखंड-आइस्क्रीमचे डबे ज्या प्लास्टिकचे असतात, त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही. तळाशी त्रिकोणात २, ४ किंवा ५ आकडा असेल तर समजून जा. आधी साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा, वाळवा, मग स्पिरिटने पुसा. लेबलाचे चारही कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपराच आधी सुटतो. मधोमध दाबून कडेकडे हवा काढत जा. मग वरून पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण डब्याभोवती फिरवून तिची दोन टोकं एकमेकांवर आणा. चिकटपट्टी स्वतःवरच चिकटली की डब्याचं प्लास्टिक कसंही असो, फरक पडत नाही. पारदर्शक डबा असेल तर सगळ्यात सोपं, साध्या कागदावरची प्रिंट आतून लावा.

लेबल झाकणावर लावू नका. झाकणं बदलतात, आमच्या निळ्या झाकणांसारखी. डबे एकावर एक ठेवले की ते दिसतही नाही. डबा माळ्यावर किंवा पलंगाच्या खणात ज्या बाजूने दिसतो, त्या बाजूला अंगावर लावा.

२४ पैकी काही लेबलं उरतीलच. ती घेऊन बाथरूमच्या माळ्यावर आणि गच्चीत जा. कुठला कॉक स्वयंपाकघराचा, कुठला बाथरूमचा, कुठला टाकीचा, हे एकेक बंद करून बघा आणि पाइपाभोवती लेबल गुंडाळून वर चिकटपट्टी मारा. मीटरशेजारच्या एमसीबीच्या खटक्यांनाही तसंच करा, बोर्डाचं झाकण न उघडता, फक्त बाहेरून. आमच्याकडे हे काम नातवाने केलं. एक एक खटका पाडायचा आणि घरभर ओरडून विचारायचा, ‘‘आजोबा, पंखा गेला का?’’