एआय, नोकऱ्या आणि कसमादेतली पोरं

बारावीचा निकाल लागला की कसमादेत, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यात, प्रवेशाची चर्चा रंगते. अलीकडे तिच्यात एक वाक्य हमखास येतं : ‘कॉम्प्युटरला कशाला घालता? एआय सगळ्या नोकऱ्या खाणार.’ तितक्याच ठामपणे दुसरे सांगतात, की ही पुण्या-बंगळुरूची भानगड, आपल्या कांदा-डाळिंबाला त्याचं काय? दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांच्या भरवशावर पोरांच्या आयुष्याचे निर्णय होताहेत.

गैरसमज : एआय अख्खी नोकरी गिळतं.

एआय नोकरीतली काही कामं उचलतं. सटाण्यातल्या एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात बसणाऱ्या मुलाचं उदाहरण घ्या. बिलं पाहून नोंदी करणं, हिशेब जुळवणं, नोटिशीला उत्तर लिहिणं, घाबरलेल्या दुकानदाराला नोटीस समजावून सांगणं, हे सगळं तो करतो. नोंदींचं काम यंत्राकडे झपाट्यानं जाईल, उत्तराचा कच्चा मसुदाही जाईल. पण उत्तर चुकलं तर दंड भरावा लागतो, त्यामुळे ते तपासून सही करायला माणूसच लागणार.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२५ च्या अंदाजानुसार जगातल्या दर चार नोकऱ्यांपैकी एकीवर एआयचा कमी-अधिक परिणाम होऊ शकतो. सर्वाधिक परिणामाच्या गटात मात्र सुमारे ३.३ टक्केच नोकऱ्या येतात. मोठमोठ्यांची भाकितंही इथे फसली आहेत. या क्षेत्रातले अग्रणी शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते, की एक्स-रे वाचणारे डॉक्टर तयार करणं आता थांबवावं. त्या डॉक्टरांची गरज आजही कायम आहे.

गैरसमज : आधी अंगमेहनतीची कामं जाणार.

घडतंय उलट. द्राक्षघडांची विरळणी, डाळिंबाची छाटणी ही कामं यंत्राला अजून अवघड जातात. सोपी जाते ती कारकुनी. सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तालुक्याच्या गावांमधून पिढ्यान्‌पिढ्या पोरं टंकलेखनाच्या वर्गांना गेली, आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. अट आजही आहे, तेव्हा प्रमाणपत्र जरूर घ्यावं. मात्र बोललेलं मराठी आता यंत्र स्वतः टंकतं. नुसत्या वेगावर करिअर उभं राहण्याचे दिवस सरत आले आहेत.

गैरसमज : धोका फक्त नोकरीत असलेल्यांना आहे.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, आणि ‘एआयनं नोकऱ्या घालवल्या’ असा एकच गलका झाला. कंपनीचे प्रमुख के. कृतिवासन यांनी मात्र कारण वेगळं दिलं : कौशल्यांचा मेळ बसत नाही, काही जणांना नवीन कामावर नेमता येत नाही. झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांना बसणार होती.

मला जास्त काळजी वाटते ती ज्यांना नोकरी अजून लागायची आहे, त्यांची. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा अभ्यास केला. एआयचा सर्वाधिक परिणाम होणाऱ्या व्यवसायांमध्ये २२ ते २५ वयोगटातल्यांचा रोजगार तुलनेनं १३ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्याच व्यवसायांतले अनुभवी लोक टिकून होते. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. पण दिशा ओळखीची आहे. सटाण्याच्या मुलाला पुण्यात शिरायला आजवर टेस्टिंग, डेटा एन्ट्री, ग्राहकसेवा असली प्राथमिक कामंच मिळत होती. ज्याच्या घरचं कुणी कंपनीत नाही, त्याला दुसरं दार नव्हतं. यंत्र आधी हात घालतं तेही नेमकं याच कामांना.

याला दुसरी बाजूही आहे. सुमारे पाच हजार ग्राहकसेवा प्रतिनिधींच्या एका अभ्यासात एआयच्या मदतीनं कामाचा वेग सरासरी १४ टक्क्यांनी वाढला. नवख्यांचा वाढला ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. म्हणजे नवखा माणूस आता लवकर तयार होतो. त्याला आधी कुणी कामावर घेतलं पाहिजे, एवढंच.

गैरसमज : शेतीला याचं काय!

महाराष्ट्र सरकारनं जून २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, पाचशे कोटींची तरतूद केली. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं उसावर एआयचे प्रयोग केले. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांमध्ये हवामान आणि ओलावा मोजणारी यंत्रं आली आहेत. बागलाणच्या, म्हणजे सटाणा तालुक्यातल्या, आगाप द्राक्षांना पावसाचा आणि डावणी रोगाचा धोका मोठा, तिथे वेळेवर मिळालेला इशारा मोलाचा असतो.

पण डाळिंबाच्या पानाचा फोटो पाठवला की ॲप ठासून उत्तर देतं, आणि तेल्या रोगाचा डाग की बुरशीचा, यात ते चुकूही शकतं. चुकीच्या फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो, आणि फळात औषधाचा अंश राहिला तर मालही अडकतो. २०१० मध्ये एका वाढरोधकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, त्याचा फटका नाशिककर अजून विसरलेले नाहीत. म्हणूनच बाग कळणारा आणि यंत्राच्या सल्ल्यावर शंका घेऊ शकणारा तरुण इथे हवा आहे. कृषी पदविका केलेल्या मुला-मुलींनी हे काम आपलं मानावं, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : एआयचा कोर्स केला की नोकरी पक्की.

तीन महिन्यांच्या वर्गात शिकवलेलं साधन वर्षभरात बदललेलं असतं. फी भरण्याआधी विचारा : प्रत्यक्ष काय बनवून घेणार? मागच्या तुकडीतली मुलं कुठे लागली? त्यांच्याशी बोलता येईल का? आणि संगणक शाखा घ्यावी का? गणिताची गोडी असेल तर खुशाल घ्यावी. प्रोग्रामचा पहिला खर्डा आता यंत्र लिहितं, पण त्यातली चूक शोधायला पाया पक्का लागतो, आणि तो कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत यंत्राकडून गृहपाठ करून घेणाऱ्यांचा कच्चाच राहतो.