घरातली सुरक्षा : गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा

थंडी पडली की दरवर्षी कुठून ना कुठून तीच बातमी येते. अंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर आलं नाही, दार तोडलं, तर आत बेशुद्ध. घरच्यांना वाटतं फिट आली, नाहीतर हार्ट अटॅक. गिझरवर संशय जात नाही, कारण गॅसचा वास आलेला नसतो.

तो येणारच नसतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. गिझर पेटला की गॅसबरोबर तेही जळून जातं. दार-खिडकी लावलेल्या लहानशा बाथरूममध्ये ज्योत आतलीच हवा वापरत राहते. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200हून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, हातापायांतलं त्राण जातं. कडी हाताच्या अंतरावर असूनही काढता येत नाही, ती यामुळे. एकामागून एक सगळ्यांच्या अंघोळी उरकतात तिथे शेवटी जाणाऱ्याला धोका जास्त.

कोविडनंतर अनेक घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. या विषबाधेत त्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही. माणूस अत्यवस्थ असतानाही ते 98 दाखवू शकतं. खरं चित्र रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच दिसतं. म्हणून दवाखान्यात पोहोचल्याबरोबर ‘बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता’ हे सांगा. या एका वाक्याने उपचारांची दिशा बदलते. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. त्याआधी घरच्यांनी करायचं ते एवढंच: दार उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, 108ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा. आत रेंगाळू नका; तीच हवा तुमच्याही छातीत जाते.

गिझर ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या जागी लावा आणि गरम पाणी पाइपने आत घ्या, हाच खरा उपाय. नळजोडणीचा थोडा खर्च वाढेल, तो वाढू द्या. भाड्याच्या घरात हे लगेच जमणार नसेल, तर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच अंघोळीला जा. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. ज्योत पिवळी दिसू लागली की गिझर वापरणं थांबवून मेकॅनिकला बोलवा. निळी आहे म्हणून मात्र दार लावून घेऊ नका.

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीलाही हेच लागू. शेक द्यायचाच असेल तर दारं-खिडक्या उघड्या ठेवून द्या, आणि निखारे रात्रभर खोलीत राहू देऊ नका. तिथे तान्हं बाळही श्वास घेत असतं.

पुढच्या आठवड्यात : घरातली उरलेली औषधं.