स्नोस्केट : हिमावरून फळी का घसरते?

१९६५ सालच्या नाताळची गोष्ट. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन नावाचे गाव आहे. तेथील शर्मन पॉपेन या अभियंत्याने मुलींना खेळण्यासाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक रुंद फळी तयार केली. फळीवर उभे राहायचे आणि हिमाच्छादित टेकडीवरून घसरत खाली यायचे! ही फळी पुढे ‘स्नर्फर’ या नावाने विकली जाऊ लागली. तिच्यापासून स्नोबोर्डचा खेळ वाढला आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथे तो हिवाळी ऑलिंपिकमध्येही आला.

स्नोबोर्डवर खेळाडूचे पाय पट्ट्यांनी बांधलेले असतात. स्नोस्केटवर मात्र ते मोकळे असतात. स्नोस्केट म्हणजे हिमावरचा स्केटबोर्डच. साध्या स्नोस्केटमध्ये लाकडाच्या थरांची किंवा प्लॅस्टिकची एकच फळी असते. तिच्या तळाला लांबीच्या दिशेने खाचा असतात. त्यामुळे ती सरळ जाते, आडवी भरकटत नाही. दुसऱ्या प्रकारात वर उभे राहण्याची फळी आणि तिच्याखाली आधारांवर बसवलेली एक अरुंद स्की असते. स्कीच्या कडा पोलादी असतात. वळताना खेळाडू एका बाजूला झुकला, की ही कड कठीण हिमात रुतते.

आता गंमत पाहा. पाय बांधलेले नसल्यामुळे फळीच्या वरच्या बाजूला भरपूर घर्षण हवे. म्हणून तेथे फोमचा किंवा खरखरीत कागदाचा थर चिकटवतात. खालच्या बाजूला मात्र घर्षण शक्य तितके कमी हवे. मग हिमावर ते इतके कमी का असते?

“दाबामुळे बर्फ वितळतो आणि पाण्याचा पातळ थर तयार होतो,” असे उत्तर तुमच्यापैकी अनेकजण देतील. अनेक पुस्तकांत ते छापलेले आहे, आणि मीही ते कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो. एकदा फळ्यावर आकडे मांडले, तेव्हा माझे मलाच ते पटेना. तुम्हीही हा हिशेब करून पाहा.

मुलाचे वजन ५० किलोग्रॅम, फळीचे २ किलोग्रॅम. फळीची लांबी ८० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ १६०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर भार आला सुमारे ०.०३ किलोग्रॅम, म्हणजे साधारण ०.०३ वातावरण दाब. बर्फाचा द्रवणांक १ अंश सेल्सियसने उतरवण्यास सुमारे १३५ वातावरण दाब लागतो. तेव्हा आपल्या फळीमुळे द्रवणांक उतरेल तो एका अंशाच्या जेमतेम चार हजाराव्या भागाने! फळी हिमकणांना काही ठिकाणीच टेकते, म्हणून खरे क्षेत्रफळ शंभरपट कमी धरले, तरी उत्तर एका अंशाच्या चाळिसाव्या भागापुढे जात नाही. फळी तर उणे १० अंशांच्या हिमावरूनही छान घसरते.

मग खरे कारण कोणते? मायकेल फॅरडे यांनी १८५० सालीच सुचवले होते, की शून्याखालीही बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा पातळ थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने शेजारी नसतात. म्हणून ते आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात. दुसरे कारण घर्षण हेच! १९३९ साली बाउडन व ह्यूज या शास्त्रज्ञांनी दाखवले, की घसरताना घर्षणाने निर्माण होणारी उष्णता हिमाचे कण वितळवते. आपल्या उदाहरणात घर्षणगुणांक ०.०५ धरला, तर घर्षणबल सुमारे २५ न्यूटन होते. वेग सेकंदाला ५ मीटर असेल, तर दर सेकंदाला १२५ ज्यूल उष्णता निर्माण होते. ती सगळी बर्फ वितळवण्यात गेली असे मानले, तरी सेकंदाला अर्धा ग्रॅमही पाणी होत नाही. पण टेकण्याच्या जागा थोड्या असल्यामुळे तेवढे वंगण पुरते.

बाउडन व ह्यूज यांना आणखी एक गोष्ट आढळली. पितळेच्या स्कीपेक्षा एबोनाइटची स्की कमी घर्षणाने घसरते, कारण पितळ ही उष्णता चटकन वाहून नेते. आज स्कीच्या तळाला पॉलिथिलीन लावतात, ते याचमुळे सोयीचे ठरते. ते उष्णतेचे मंदवाहक आहे, शिवाय पाण्याने भिजत नाही. अतिशय थंडीत मात्र ही उष्णता पुरी पडत नाही. तेव्हा हिम वाळूसारखे कोरडे लागते, असा ध्रुवप्रदेशातील प्रवाशांचा अनुभव आहे.

बर्फाच्या निसरडेपणावर आजही संशोधन चालू आहे. तोवर तुम्ही एक करा. बर्फावरच्या स्केटचे पाते २० सेंटिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद धरून वरचा हिशेब पुन्हा मांडा. उत्तर आले, की ते आपल्या सरांना किंवा बाईंना दाखवा. पुस्तकात छापलेले कारणसुद्धा आकड्यांच्या कसोटीला उतरावे लागते, हे त्यांनाही आवडेल.