कॅलिपर, चकती गतिरोधकाचा
पिकअपसारख्या मोटारगाडीच्या चाकाबरोबर फिरणारी चकती दोन घर्षण-पट्ट्यांच्या चिमटीत धरणारा गतिरोधकाचा (ब्रेकचा) भाग. पेडल दाबल्यावर द्रवाच्या दाबाने दट्ट्या पुढे सरकतो; दाब जाताच रबरी कडे त्याला किंचित मागे ओढते. दट्ट्या वा सरकखिळी गंजाने अडकल्यास पट्टी घासत राहते, चाक तापते व गाडी एका बाजूस ओढली जाते. अतितापाने द्रव उकळल्यास गतिरोधकच निकामी होतो. हवा काढण्याचा स्क्रू सैल करताच चाक मोकळे झाल्यास दोष बहुधा लवचिक नळीत असतो, एरवी कॅलिपरमध्ये. दुरुस्तीत खिळी साफ करून योग्य वंगण देतात, रबरी कडे बदलतात. खनिज तेलाने हे रबर फुगते, म्हणून ते वर्ज्य. शेवटी द्रवातील हवा काढून टाकतात.