शेडवरची वीज आधी बॅटरीत मोजा

‘शेतातल्या शेडवर लाइट नाही. पोल लांब आहे, कोटेशन भरलं तरी लाइन कधी येईल याचा भरवसा नाही. सोलर बसवायचं तर किती वॅटचं पॅनेल घेऊ?’ अशा अर्थाचे प्रश्न वाचकांकडून वरचेवर येतात आणि बहुतेकांत विचारणा असते ती पॅनेलची. पण शेडवर वीज लागते दिवेलागणीनंतर आणि तेव्हा पॅनेलकडून काहीच मिळत नाही. रात्र काढायची ती बॅटरीवर. म्हणून हिशेबाची सुरुवात तिच्यापासूनच करायला हवी.

ही बॅटरी ज्यानं दिली, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. प्रकाशानं वीज निर्माण होते हे एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये, वयाच्या अवघ्या १९व्या वर्षी दाखवलं. पुढे ते पॅरिसमध्ये प्राध्यापक झाले आणि त्यांच्या हाताखाली गॅस्टन प्लांते हा तरुण सहायक म्हणून आला. गडी हरहुन्नरी! १८५५ मध्ये त्याला पॅरिसजवळ एका अजस्र, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ म्हणतात. १८५९ मध्ये त्यानं शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवली. वीज सोडली की एका पत्र्यावर तपकिरी थर चढायचा. हे भरणं-उतरवणं पुन्हा पुन्हा केलं की साठवणीची ताकद वाढत जायची. पुन्हा भरता येणारी, खरोखर कामाची अशी ही पहिली बॅटरी. अडचण एकच होती: ती भरायला तेव्हा दुसऱ्या बॅटऱ्याच लागत, कारण कामाचा डायनामो अजून यायचा होता. १८८१ च्या सुमारास कामी फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप द्यायची युक्ती काढली आणि कारखाने उभे राहिले.

बेकरेल यांच्या शोधातून कामाचं पॅनेल व्हायला मात्र १९५४ साल उजाडलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा सौरघट केला. त्याची कार्यक्षमता होती ६ टक्के. चॅपिन शोधत होते ते दूरच्या, दमट ठिकाणच्या टेलिफोन यंत्रणेसाठी वीज. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावाजवळ ग्रामीण टेलिफोन लाइनवर हे पॅनेल चढलं आणि रात्रीसाठी त्याला बॅटरीची जोड होती. आपल्या शेडवर हवी असते तीच ही मांडणी.

आता हिशेब. ९ वॅटचे ३ एलईडी दिवे ५ तास म्हणजे १३५ वॅट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा ८ तास, म्हणजे २४०. दोन मोबाइलचे ३०. बेरीज ४०५. इन्व्हर्टर आणि वायरीत जाईल ते धरून ५००, म्हणजे अर्धं युनिट. १२ व्होल्ट, १५० एएचची शिशाची ट्युब्युलर बॅटरी १,८०० वॅट-तासांची असते, पण तिच्यातलं निम्मंच वापरावं. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक कण बसतात आणि चार्ज करताना ते विरघळतात. बॅटरी खोलवर उतरवून तशीच ठेवली तर हे कण वाढून टणक होतात, मग ते विरघळत नाहीत आणि तेवढी प्लेट कायमची वाया जाते. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी शेडला जोडली की लवकर बसते, कारण तिच्या पातळ प्लेटा स्टार्टरला क्षणभर मोठा करंट द्यायला केलेल्या असतात, रात्रभर दिवे चालवायला नव्हे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतलं ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येतं आणि ती टिकतेही जास्त. पैसे मात्र आधीच जास्त मोजावे लागतात.

बॅटरी ठरली की पॅनेल सोपं आहे. स्वच्छ उन्हात २०० वॅटचं पॅनेल दिवसाला ७०० वॅट-तासांच्या आसपास देतं. कोकणातल्या जुलैत याच्या निम्म्यावरही येतं, म्हणून तिकडे मोठं घ्यावं. पण इथेच अनेकांचे पैसे बुडतात. ३३० वॅटचं पॅनेल साधारण ३८ व्होल्टला पावणेनऊ अँपिअर देतं. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये स्वस्तातला पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर लावला तर तो तेवढेच अँपिअर बॅटरीच्या १३ व्होल्टवर सोडतो. हाती लागतात जेमतेम ११५ वॅट. दोन तृतीयांश पॅनेल फुकट! एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून देतो. मोठ्या पॅनेलला तोच हवा.

‘सोलर जनरेटर’ नावाच्या पेटीच्या जाहिरातींनी भुलू नका. त्या पेटीत वीज निर्माण होत नाही, असते ती बॅटरी आणि इन्व्हर्टर. ठळक अक्षरांत ‘१,००० वॅट’ लिहिलेलं असतं, पण आत ५०० वॅट-तासच असतील तर पूर्ण लोडला अर्धा तास.

दोन एचपीची कडबाकुट्टी तर दीड हजार वॅट ओढते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. वरची बॅटरी अर्ध्या तासात खाली. असली कामं दिवसा, थेट पॅनेलवर करावीत. सौर कृषी पंपाला बॅटरी नसते, तिथे टाकीत चढलेलं पाणी हीच साठवण. पंप वर्षातले कितीतरी दिवस बंद असतो. त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवणारे युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर आता मिळतात. पंपाची तीन हजार वॅटची पॅनेलं शेतात उभी असताना शेडसाठी मोठा इन्व्हर्टर घेणं मला पटत नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी शेडवरची प्रत्येक वस्तू, तिचे वॅट आणि रोजचे तास कागदावर मांडा. बॅटरी किती वॅट-तासांची आणि कंट्रोलर कोणता, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तो नुसते पॅनेलचे वॅट सांगत असेल, तर दुसरं दुकान गाठा.